२४ पॉइंटचा मान

पलूस तालुक्यातल्या द्राक्षबागायतदाराचा हात किती निष्ठुर असतो हे पाहायचं असेल, तर विरळणीच्या दिवसांत त्याच्या बागेत जावं. घडात मण्यांची दाटी झाली की हा माणूस कात्री घेऊन उभा राहतो आणि चांगले हिरवेगार मणी भराभर खाली पाडतो. उरलेल्यांना जागा मिळाली पाहिजे, मणी फुगला पाहिजे, व्यापाऱ्यानं भाव पाडता कामा नये, हे गणित त्याला पाठ असतं. पण संध्याकाळी हाच बागायतदार कुठल्यातरी समितीचा सदस्य म्हणून मोबाइलवर गुगल डॉक उघडून बसतो. कुणीतरी विचारतं, "अण्णा, स्वागतोत्सुकांच्या यादीतली चार नावं कमी करायची का?" अण्णांचा चेहरा पडतो. "नगो नगो. बारीक करा, पर ऱ्हाऊ द्या. माणसं दुखावत्यात."

मणी दुखावत नाहीत, माणसं दुखावतात. कागदाची मांडणी हा विषय आपल्याकडे अक्षरांचा म्हणून कधी पाहिलाच जात नाही याचं कारण एवढंच आहे. कुठलं अक्षर किती मोठं, किती ठळक आणि किती वर, हे ते अक्षर कुणाच्या नावातलं आहे यावर ठरतं. मजकुराची पाळी त्यानंतर.

एकाच कागदावर अनेकांनी एकाच वेळी लिहावं, ही कल्पना तशी जुनी आहे. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये डग्लस एंगलबार्ट या संशोधकानं भरसभेत एक प्रात्यक्षिक दाखवलं. तो सभागृहात, त्याचा सहकारी तिथून चाळीस-पन्नास किलोमीटरवरच्या प्रयोगशाळेत, आणि दोघांचं काम एकाच पडद्यावरच्या एकाच मजकुरावर चाललेलं. पुढं दोघांनी एकाच क्षणी एकाच ओळीत बदल केला तर कुणाचा कसा धरायचा, याची रीत १९८९ मध्ये एलिस आणि गिब्ज या दोघांनी बसवली. २००६ मध्ये गुगलनं रायटली नावाची एक वेबसेवा विकत घेतली आणि त्यातून आजचं गुगल डॉक्स उभं राहिलं. या सगळ्या थोर मंडळींनी एक गोष्ट गृहीत धरली होती: माणसं एकत्र येतील ती लिहायला. त्यांनी पलूस पाहिलेलं नव्हतं.

आता एखाद्या दहावीच्या बॅचचा मेळावा घ्या. असे मेळावे हल्ली द्राक्षाच्या हंगामापेक्षा नेमानं होतात. शाळा सोडून पंचवीस वर्षं झाली, पोरं पुण्या-मुंबईत, दोघं-तिघं दुबईत, बाकीची पलूस, कुंडल, आमणापूर, भिलवडी, बुर्ली अशी पसरलेली. जेवण ठरतं, हॉल ठरतो, शिक्षकांना शाल-श्रीफळ ठरतं आणि मग पुण्यातला कुणीतरी आयटीवाला म्हणतो, आपण स्मरणिका काढू. तो व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लिंक टाकतो आणि खाली लिहितो, "सगळ्यांनी यात आपापलं लिहा." या एका वाक्यात पुढच्या सगळ्या अनर्थाचं बीज असतं.

पहिलं भांडण मजकूर सुरू व्हायच्या आतच होतं. गुगल डॉकमध्ये माणसांचे तीन दर्जे असतात. एक नुसतं बघणारा, दुसरा शेरा मारणारा आणि तिसरा बदल करणारा. आयटीवाल्यानं शहाणपणानं बहुतेकांना बघणारा केलेलं असतं. रात्री साडेदहाला फोन येतो. "का रं, मला नुसतं बघायला ठेवलंयस व्हय? वर्गणी सगळ्यांनी सारखीच भरलीय न्हवं?" हा युक्तिवाद बिनतोड असतो. दुसऱ्या दिवशी लिंक सगळ्यांना खुली होते आणि ज्याच्या हाती लिंक, तो संपादक.

खुल्या लिंकची एक गंमत आहे. गुगलच्या खात्यात लॉगिन न करता जो आत येतो, तो वर कोपऱ्यात निनावी प्राणी म्हणून दिसतो. निनावी कॅपिबारा, निनावी क्वोका, निनावी ॲक्सोलॉटल, निनावी वॉम्बॅट. यांतला एकही प्राणी कृष्णाकाठी कुणी पाहिलेला नाही. म्हैस नाही, बैल नाही, साधं कुत्रंसुद्धा त्या रात्री दिसत नाही. खजिनदार हिशेबाला पक्के. ते ग्रुपवर विचारतात, "हा कॅपिबारा कोण आपल्यात? याची वर्गणी आली का?" कुणी म्हणतं, मुंबईचा असंल. कुणी म्हणतं, दुबईवाल्यांपैकी असंल, तिकडं असली जनावरं असत्यात. इतक्यात कॅपिबाराचा कर्सर संयोजकांच्या यादीत उतरतो, एका नावापाशी थांबतो आणि ते नाव बारावरून सोळा पॉइंटचं होतं. तपास तिथंच संपतो. प्राणी कितीही निनावी असला, तरी कुणाच्या नावाचा फाँट वाढतोय यावरून त्याची जात कळते.

एका डॉकमध्ये एका वेळी शंभर ठिकाणांहून बदल करता येतात, त्यापुढं येणाऱ्याला नुसतं पाहावं लागतं. पलूसच्या समित्यांना ही मर्यादा अजून कमी पडलेली नाही. पण निवडणुकीचं वर्ष असेल तर छातीठोकपणे सांगता येत नाही.

आता बोल्डकडं वळू. इंग्रजीत मोठी आणि लहान अशी अक्षरांची दोन कुळं आहेत. एखाद्याला मान द्यायचा असेल तर त्याचं सगळं नाव मोठ्या लिपीत लिहून मोकळं होता येतं. देवनागरीत ही सोय नाही. आपला 'क' सरपंचाच्या नावात जेवढा, तेवढाच शिपायाच्या. लिपी मुळातच समतावादी आहे. ती तशी राहू नये म्हणून जे काही करायचं ते आपल्याला बोल्ड, साइज, रंग आणि अंडरलाइन या चार हत्यारांनी करावं लागतं आणि आपण त्यात कसूर ठेवत नाही.

सुरुवातीला फक्त अध्यक्षांचं नाव ठळक असतं. संध्याकाळपर्यंत उपाध्यक्ष ठळक होतात. मग सचिव, मग सहसचिव, मग खजिनदार. 'सदस्य' या मथळ्याखालची सगळी नावं रात्रीतून ठळक झालेली असतात आणि सकाळी कुणीच कबूल होत नाही. सगळंच ठळक झालं की ठळकपणाला किंमत राहत नाही. मग लढाई साइजवर जाते. बारा, चौदा, सोळा, अठरा. चोवीस पॉइंटला पोचेपर्यंत अध्यक्षांच्या नावाची ओळ मोडते आणि आडनाव खालच्या ओळीवर उतरतं. नाव वर आणि आडनाव खाली हे अध्यक्षांना अपमानास्पद वाटतं. त्यावर उपाय म्हणून इतरांना दहा पॉइंटवर आणायची सूचना येते आणि समितीत पहिला राजीनामा पडतो.

अंडरलाइनचं दुखणं वेगळं. रोमन अक्षरांखाली रेघ ओढली तर दोन-चार शेपट्या सोडून फारसं काही अडत नाही. आपल्या अक्षरांखाली उकार लटकलेले असतात, ऋकार असतात, जोडाक्षरांचे पाय असतात. रेघ त्यांच्यावरूनच जाते. सूर्यवंशी, कुलकर्णी, भूपाल, सुतार या सगळ्यांचे पाय कापले जातात. खुद्द पलूस हे नाव अधोरेखित केलं तर दुरून ते 'पलस' दिसतं आणि बाहेरगावच्या माणसाला वाटतं, कार्यक्रम झाडाखाली आहे. तिरप्या अक्षरांचीही तीच गत. रोमन लिपीत तिरप्या वळणाची कित्येक शतकांची परंपरा आहे, तिथं ते डौलदार दिसतं. देवनागरीत शिरोरेषेसकट सगळी ओळ कलते आणि वारं सुटल्यासारखं वाटतं.

दोन्ही बाजू सरळ करायच्या म्हणजे 'जस्टिफाय' करायचं, हा आग्रह बहुधा निवृत्त गुरुजींचा असतो. त्यांच्या वहीला आयुष्यभर समास आखलेला होता. पण आपले शब्द लांब आणि गुगल डॉक ओळीच्या शेवटी आपणहून शब्द तोडत नाही. 'दीपप्रज्वलनानंतर' आणि 'पुष्पगुच्छप्रदानासाठी' हे दोन शब्द एका ओळीत मावत नाहीत. दुसरा खाली जातो आणि वरच्या ओळीत राहिलेले तीन शब्द पानभर हातपाय पसरून झोपतात. गुरुजी चष्मा सरसावून म्हणतात, "कडा बघा कशा सरळ आल्या!" कडा सरळ येतात खऱ्या. मधल्या मोकळ्या जागेतून बैलगाडी जाईल, तिकडं त्यांचं लक्ष नसतं.

फाँटच्या बाबतीत मात्र आपली चैन झाली आहे. विंडोज २००० बरोबर र. कृ. जोशी यांनी घडवलेला 'मंगल' घरोघरी आला, तेव्हा युनिकोड मराठीत निवड म्हणून फारसं काही नव्हतं. आता मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षरकारांच्या गटाचे 'मुक्ता' आणि 'बालू' आहेत, इतरांचे आणखी कित्येक आहेत आणि सगळे फुकट. 'मुक्ता' साधा, वाचायला बरा, म्हणून तो कुणालाच नको असतो. 'बालू' गुटगुटीत, हसरा, गोलमटोल. तो सगळ्यांना आवडतो. परिणामी स्वागतपर दोन शब्द बालूत, अध्यक्षीय मनोगत बालूत, जमाखर्च बालूत आणि दिवंगत वर्गमित्रांची 'भावपूर्ण श्रद्धांजली' हीसुद्धा बालूत. ती वाचताना गेलेल्या माणसाचा वाढदिवस असावा असं वाटतं.

पण खरा घात होतो तो स्पेसबार आणि एंटर या दोन बटणांनी. शीर्षक मधोमध आणण्यासाठी सेंटर नावाचं बटण असतं, हे ज्ञान आपल्याकडे पोचलेलं आहे. पण स्पेसबार दाबत दाबत शीर्षक ढकलत मधे नेण्यात जे समाधान आहे, ते त्या बटणात नाही. तसंच नवीन पानाचं. कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबलं की पुढचा मजकूर थेट नव्या पानावर जातो आणि वर काहीही झालं तरी तिथंच राहतो. तरीही आपला माणूस नवं पान येईपर्यंत एंटर दाबत राहतो. पान आलं की तो सुटकेचा श्वास सोडतो आणि चहाला जातो.

आता काय होतं पाहा. चौथ्या पानाच्या तळाशी असंच एंटर मारत मारत 'भावपूर्ण श्रद्धांजली' पाचव्या पानाच्या माथ्यावर आणलेली असते. खाली दिवंगतांचे फोटो. सहाव्या पानाच्या माथ्यावर, तसेच एंटर मारून, अध्यक्षांचा फोटो आणि त्यांचं मनोगत. सगळं जागच्या जागी. रात्री खजिनदारांना आठवतं की पहिल्या पानावर एका देणगीदाराचं नाव राहिलं. ते दोन ओळी घालतात. त्या दोन ओळी खालच्या सगळ्या दुनियेला दोन ओळी खाली ढकलतात. दुसरा कुणीतरी मोबाइलवरून पाहतो, त्याला चौथ्या पानावर रिकामी जागा फार वाटते, म्हणून तो काही एंटर पुसतो. सकाळी समिती डॉक उघडते, तेव्हा 'भावपूर्ण श्रद्धांजली' चौथ्या पानाच्या तळाशी एकटी उभी असते, दिवंगतांचे फोटो परिशिष्टात गेलेले असतात आणि पाचव्या पानावर, त्या मथळ्यानंतर लगेच, फेटा बांधलेले, हसतमुख, हयात अध्यक्ष!

त्या सकाळी अध्यक्षांच्या सौभाग्यवतींचा जो फोन येतो, तो इथं छापण्यासारखा नाही.

या सगळ्यावर उतारा म्हणून गुगल डॉकमध्ये 'हेडिंग' नावाची एक गोष्ट दिलेली आहे. ओळ निवडायची आणि सांगायचं, ही पहिल्या दर्जाचं शीर्षक आहे, ही दुसऱ्या, ही साधा मजकूर. तेवढं सांगितलं की साइज, ठळकपणा, वरखालची जागा या गोष्टी यंत्र सांभाळतं. एका जागी बदल केला की सगळी त्या दर्जाची शीर्षकं एकदम बदलतात. वर, एका बटणात अनुक्रमणिका तयार होते, पानांच्या आकड्यांसकट. म्हणजे यंत्राला फक्त कुणाचा दर्जा काय एवढं एकदा सांगायचं असतं. वास्तविक दर्जा ठरवणं हे आपलं हातखंडा काम. पण तो माणसांचा असतो. ओळींना दर्जा द्यायचा असतो हे आपल्या गावीही नसतं.

म्हणून स्मरणिकेत घडतं ते असं. सगळी शीर्षकं हातानं ठळक करून, साइज वाढवून केलेली असतात. ती दिसायला शीर्षकं, पण यंत्राच्या लेखी साधा मजकूर. फक्त एकच माणूस चुकून त्या यादीत शिरलेला असतो आणि 'हेडिंग १' निवडल्यावर आपलं नाव एका झटक्यात मोठं होतं असं त्याला आढळलेलं असतं. शेवटी आयटीवाला मोठ्या कौतुकानं अनुक्रमणिकेचं बटण दाबतो. अनुक्रमणिका येते. तिच्यात एकच नोंद असते: सहखजिनदार, पान सात.

कुणी म्हणेल, आपल्या लोकांना मांडणीचं अंगच नाही. साफ खोटं. पश्चिम महाराष्ट्रातली कुठलीही लग्नपत्रिका उघडून पाहा. तिच्याइतका शिस्तबद्ध दस्तऐवज जगात दुसरा नसेल. सर्वांत वर, मधोमध, श्री. त्याखाली कुलदैवत आणि ग्रामदैवत, तीन-चार एका ओळीत, प्रत्येकापुढं 'प्रसन्न'. मग कैलासवासी आजोबांचा आशीर्वाद. मग 'आमच्या येथे श्रीकृपेकरून'. मग चि. आणि चि. सौ. कां. सर्वांत मोठ्या अक्षरात, मधे 'शुभविवाह'. मग मुहूर्त, मग स्थळ. मग निमंत्रक, स्वागतोत्सुक, व्यवस्थापक, आणि तळाला मावशीच्या नाहीतर मामाच्या लग्नाला बोलावणारी किलबिल. राजकारण असेल तर वेगळ्या चौकटीत प्रमुख उपस्थिती: आधी 'ना.', मग 'खा.', मग 'आ.', मग 'मा.', आणि या पायऱ्यांत एकही चूक नाही. बारा आडनावांच्या बारा घरांत हीच रचना, न शिकवता, न विसरता. दर्जावार शीर्षकं म्हणतात ती हीच. वाचणाऱ्यालाही ती पाठ असते. मुहूर्त कुठं आणि पंगत कुठं, हे त्याची नजर क्षणात शोधून काढते. जी माणसं लग्नपत्रिका लिहितात, त्यांना गुगल डॉक जमत नाही हे पटण्यासारखं नाही. फरक इतकाच, की पत्रिकेत प्रत्येकाचं स्थान नात्यानं आधीच ठरलेलं असतं. मुलाचा काका वराच्या वर जाऊन बसत नाही. समितीत मात्र प्रत्येक काका वर असतो.

आणि पलूसनं तर यात मागं राहायचं काही कारणच नाही. जवळच किर्लोस्करवाडी आहे. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना उभा केला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच माळावर १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. पुढं 'किर्लोस्कर' मासिक झालं, १९३० मध्ये 'स्त्री' आलं, १९३४ मध्ये 'मनोहर'. नांगर आणि पंप बनवणाऱ्या गावातून ही मासिकं मराठी घराघरांत जात होती. शंकरराव स्वतः चित्रकार, त्यामुळं पान कसं दिसावं याची त्यांना नजर होती.

त्या काळी बोल्ड हे बटण नव्हतं. जुळारी खिळ्यांच्या पेटीसमोर उभा राहायचा आणि शिशाचा एकेक खिळा उचलून ओळ जुळवायचा. ठळक नाव पाहिजे म्हणजे ठळक खिळ्यांचा वेगळा संच पाहिजे, मोठं पाहिजे म्हणजे मोठ्या खिळ्यांचा. देवनागरीला काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं मिळून शेकडो खिळे लागत. ती अडचण कमी व्हावी म्हणून सावरकरांनी लिपिशुद्धीची चळवळ चालवली आणि इ, ई, उ यांऐवजी अि, अी, अु असं लिहायला सुचवलं. किर्लोस्करांच्या मासिकांनी ती पद्धत वापरूनही दाखवली. म्हणजे याच तालुक्यातल्या माणसांनी एकेकाळी खिळे वाचवण्यासाठी बाराखडी बदलायची तयारी दाखवली होती. त्यांच्यापुढं जाऊन कुणी म्हणालं असतं, की सहखजिनदारांचं नाव चोवीस पॉइंटात, लाल रंगात, खाली रेघ देऊन पाहिजे, तर जुळाऱ्यानं नुसतं वर पाहिलं असतं. ते पाहणं पुरेसं झालं असतं. आज खिळा फुकट झाला आणि जुळाऱ्याची ती नजर गेली.

अनेकांनी मिळून लिहायचीही या भागाला सवय होती. औंध संस्थानची १९३९ ची राज्यघटना घ्या. कुंडलचा मुलूख त्याच संस्थानातला. मॉरिस फ्रीडमन हा पोलिश अभियंता, युवराज अप्पासाहेब पंत आणि सल्ल्याला खुद्द गांधीजी, असा तो सामायिक मसुदा. त्यातून राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधींनी आपली सत्ता प्रजेच्या हाती दिली. आजच्या भाषेत सांगायचं तर राजानं आपला फाँट आपल्या हातानं लहान केला. आपल्या समितीत हे धाडस अजून सहखजिनदारांनाही झालेलं नाही.

तिकडं सातारा जिल्ह्यात वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोश उभा केला. १९७६ मध्ये त्याचा पहिला खंड आला. शेकडो लेखक, हजारो नोंदी. नोंदी लागल्या त्या अकारविल्हे, आणि लेखकाचं नाव नोंदीच्या शेवटी, मुकाट्यानं. थोर थोर विद्वान त्या शेवटच्या ओळीत मावले. कुणी चोवीस पॉइंट मागितल्याची कथा वाईत सांगत नाहीत.

तर पुन्हा आपल्या स्मरणिकेकडं. गुगल डॉकमध्ये आणखी एक वस्तू असते, तिचं नाव आवृत्ती इतिहास. कुणी कधी काय बदललं, हे तिथं तारीखवार, वेळेसकट, प्रत्येकाच्या वेगळ्या रंगात राहतं. सभांचं इतिवृत्त आपल्या ओळखीचं आहे. पुढच्या सभेत ते 'वाचून कायम' करायचं आणि कायम करताना नको ते गाळायचं, ही सहकारी परंपरा. आवृत्ती इतिहास असा बहुमतानं कायम होत नाही. रात्री सव्वा दोनला उपाध्यक्षांनी अध्यक्षांचं नाव चोवीसवरून अठरावर आणलं आणि दोन मिनिटांनी आपलं चौदावरून वीसवर नेलं, हे तिथं हिरव्या रंगात लिहून राहतं. ज्या दिवशी समितीला या सोयीचा शोध लागतो, त्या दिवशी स्मरणिकेचं काम थांबतं आणि चौकशी सुरू होते. कुणी घाईघाईनं कंट्रोल-झेड दाबत सुटतो. पण गुगल डॉकमध्ये त्या बटणानं आपले स्वतःचे बदल मागं जातात, दुसऱ्याचे नाही. दुसऱ्याचं पाप असं एका बटणानं धुता येत नाही आणि आपलं धुतलं तर तेही इतिहासात नोंदलं जातं.

मारामारी टाळायची तर 'सूचना' पद्धत आहे. त्यात बदल थेट होत नाही, सुचवलेला दिसतो आणि दुसऱ्यानं तो मान्य करायचा असतो. कागदावर फार सुंदर कल्पना. गुरुजी तिचा मनापासून वापर करतात. ते ऱ्हस्व-दीर्घाच्या दुरुस्त्या सुचवतात, प्रत्येकीला नियमासकट. पान हिरव्या-जांभळ्या शेऱ्यांनी भरून जातं. त्या दुरुस्त्या कुणीही वाचत नाही. पण शेऱ्यांच्या ईमेल मात्र येत राहतात. दुबईवाला रात्री दोनदा उठतो, कारण 'विद्यार्थि' या शब्दाची वेलांटी दुसरी पाहिजे. तिसऱ्या दिवशी कुणीतरी वैतागून सगळ्या सूचनांवर 'नाकारा' असं दाबतं. वेलांटी पहिलीच राहते आणि गुरुजी मेळाव्याला येणार की नाही याची चर्चा सुरू होते.

या सगळ्याचा शेवट डीटीपीच्या दुकानात होतो. दुकानदार शांतपणे फाइल पाहतो. त्याचं छपाईचं काम अजून जुन्या फाँटांवर चालतं, युनिकोडपूर्व काळातल्या. तो म्हणतो, "दादा, हे असं न्हाई चालत. सगळं साधं टेक्स्ट करून पाठवा. बोल्ड, कलर, काय ठेवू नका." आयटीवाला सगळा मजकूर निवडतो आणि 'फॉर्मॅटिंग काढा' हे बटण दाबतो. एका क्षणात अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहखजिनदार, दिवंगत आणि हयात सगळे अकरा पॉइंटच्या एका मापाचे, काळ्या रंगाचे, डावीकडून ओळीनं उभे राहतात. बॅच सुरू झाल्यापासून इतकी समता त्यांच्यात कधी नव्हती, प्रार्थनेच्या रांगेतसुद्धा. आणि मग दुकानदार आपल्या नेहमीच्या पद्धतीनं पान लावतो. वर श्री, खाली दैवतं, मग मान्यवरांचे गोल फोटो, मग नावं. लग्नपत्रिकेची मांडणी. समिती पाहते आणि एकमुखानं म्हणते, "हां! आत्ता कसं बरं दिसतंय."

त्यामुळं पुढच्या वेळी ज्यांना स्मरणिका, अहवाल, जत्रेचं पत्रक किंवा सोसायटीचा ठराव चार-पाच जणांनी मिळून लिहायचा असेल, त्यांनी एवढं करावं. मजकूर लिहून पुरा होईपर्यंत बोल्डला कुणीही हात लावू नये. शीर्षक असेल तर यंत्राला ते शीर्षक म्हणून सांगावं, नुसतं फुगवू नये. नवं पान पाहिजे तर कंट्रोल-एंटर, एंटरचा मारा नको. नावाखाली रेघ ओढायची नाही, उकारांना जागा लागते. नावं आडनावांच्या अकारविल्हे, एका मापात, आणि यादी लांब झाली तर विरळणी करावी, फाँट बारीक करू नये. द्राक्षाला जो न्याय, तोच पानाला. एका माणसाला शेवटचा अधिकार द्यावा आणि त्यानं आपलं नाव सर्वांत शेवटी लिहावं. आत येताना प्रत्येकानं स्वतःच्या खात्यानं, स्वतःच्या नावानं यावं. आणि कॅपिबारा, क्वोका, वॉम्बॅट यांपैकी जे कुणी हे वाचत असतील, त्यांनी वर्गणी आधी भरावी. नाव ठळक पाहिजे असेल तर ते पावतीवर करून मिळेल.